‘चांगल्या जंतूं’च्या नावाखाली मला फसवलं

मी खानापूर तालुक्यातली. या दुखण्याबद्दल बायका कुणाजवळ बोलत नाहीत आणि विकणाऱ्यांचं तिथंच फावतं, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितेय.

मार्चमध्ये मला खाली भयंकर खाज सुटली, आग व्हायची आणि दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जायचं. बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून बुरशीचा संसर्ग सांगितला. क्लोट्रिमाझोलच्या 6 गोळ्या दिल्या, रोज रात्री एक आत ठेवायची. दोन रात्रींतच आराम पडला.

आमच्या बचत गटातली एक बाई आरोग्याची उत्पादनं विकते. तिच्याजवळ बोलून बसले. ती म्हणाली, ‘‘अक्का, त्या गोळ्या चांगले जंतूपण मारतात. बंद कर त्या. हे प्रोबायोटिक घे, यात जिवंत चांगले जंतू असतात, मुळातनं जातंय बघ.’’ तीन डबे, 3,600 रुपये. गटातून उचललेले पैसे होते ते. उरलेल्या चार गोळ्या कपाटात तशाच राहिल्या.

तीन आठवड्यांत त्रास दुप्पट झाला. कातडीला चिरा पडल्या, लघवीला जायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. ती म्हणे, ‘‘घाण बाहेर पडतेय, पडू दे.’’

शेवटी लेकीनं डबा हातात घेतला. बारीक इंग्रजी अक्षरांत छापलं होतं: औषधी वापरासाठी नाही. खाली, 2 ते 8 अंश तापमानात ठेवा. आणि हे डबे एप्रिलच्या उन्हात, एसटीतून, तिच्या पिशवीत आले होते!

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, चांगले जंतू मरतात ते अँटिबायोटिकनं. ही गोळी बुरशीवरची आहे. प्रोबायोटिक सोबत घेतलं तर बहुतेकींना अपाय नाही, पण फायद्याचा पुरावा कच्चा आहे आणि गोळीच्या जागी ते चालत नाही. मग रक्त तपासलं तर साखर वाढलेली निघाली. साखर चढली की ही बुरशी फोफावते. डब्यांच्या नादात ते महिनाभर लपून राहिलं, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

पैसे मागितले तर ‘फोडलेला डबा परत घेत नाही’ म्हणाली. पावती दिलीच नव्हती. तुम्ही घेतलं असेल तर पावती मागा आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

गटातल्या आणखी दोघी तेच डबे घेतायत. त्यातली एक पोटुशी आहे. तिला उद्या पहिल्या गाडीनं दवाखान्यात घेऊन जातेय.