पीपीआय स्कोअरकार्ड घेताय? आधी हे वाचा

आमचं बचत गटांचं काम बीड जिल्ह्यात, कुठलं घर किती अडचणीत आहे ते मोजायला काहीतरी सोपं हवं होतं म्हणून हे पीपीआय घेतलं, म्हणजे घर गरीब असण्याची शक्यता मोजायचा छोटा फॉर्म. पहिली गोष्ट, फुकट आहे. मार्क श्राइनरने बनवलेलं, आधी ग्रामीण फाउंडेशनकडे होतं, नंतर आयपीए (इनोव्हेशन्स फॉर पॉव्हर्टी अॅक्शन) या संस्थेकडे गेलं. फक्त १० प्रश्न, घरात माणसं किती, स्वयंपाक कशावर, टीव्ही आहे का, गाडी आहे का असले, ताई दारात उभ्या उभ्या भरून मोकळ्या. उत्पन्न विचारावं लागत नाही हे तर लय भारी, कारण ते खरं कोण सांगतंय, योजना येणार म्हटलं की कमी आणि घरात सोयरीक चालू असेल तर जास्त 😄 शेवटी ० ते १०० मधला स्कोअर, तो तक्त्यात बघायचा की घर गरिबीरेषेखाली असण्याची शक्यता किती टक्के ते कळतं, स्कोअर जास्त तेवढी शक्यता कमी.

आता खटकलं ते. आमच्याकडचं कार्ड २०११-१२ च्या एनएसएस सर्वेवर (घरखर्चाची सरकारी पाहणी) बेतलेलं, २०१७-१८ चा सर्वे तर सरकारने बाहेरच काढला नाही. मधे २०१६ ला उज्ज्वला आली, सिलिंडर घरोघरी गेला, पण तो भरायला पैसे नसले की चूलच पेटते. प्रश्न मुख्य इंधनाचा असतो, बाई कोपऱ्यातल्या सिलिंडरकडे बोट दाखवून गॅस म्हणते, झाले मार्क वाढले.

आणि मोठा घोळ म्हणजे हे आजचं सांगतं, उद्याचं नाही. एका घरी घरकुलाची पक्की खोली, टीव्ही, हप्त्यावरची मोटरसायकल, स्कोअर एकदम मस्त, पण नवरा-बायको दोघं ऊसतोडीला, मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेली मजुरी) अंगावर, ती फिटायच्या आत बाईचं ऑपरेशन निघालं की कोयताच बंद, कारण कोयता म्हणजे जोडी. दवाखान्याच्या खर्चाने चांगली घरं खाली येतात हे गरिबीचे अभ्यासक अनिरुद्ध कृष्ण यांनी राजस्थान, आंध्रच्या गावांत फिरून दाखवलंय, कार्डात मात्र आजारपणही नाही, कर्जही नाही.

आम्ही शेवटी वेगळा रकाना केला: उचल किती, सावकाराचं किती, कमावणारं माणूस एकच का, आयुष्मान कार्ड निघालंय का. हे स्कोअरमध्ये मिसळू नका हां, तक्ता बिघडतो. दोनशे-तीनशे घरांचं एकत्र चित्र बघायला कार्ड झकास, एकट्या घराला कर्ज द्यायचं का नाही ते यावरून ठरवू नका. ५ पैकी ३ स्टार. बोलीभाषेतला मराठी फॉर्म कोणी केला असेल तर टाका इथे, आमचा फारच सरकारी झालाय.