अ‍ॅस्ट्रोइमेजजे आठ महिने वापरून: सगळं मोजतो, घड्याळ सोडून

अ‍ॅस्ट्रोइमेजजे म्हणजे ताऱ्यांच्या फोटोंवरून त्यांची चमक मोजणारा प्रोग्रॅम. डिसेंबरात त्यावर लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या घातल्या असत्या. नशीब, तेव्हा कारखान्याच्या हिशेबातून मान वर काढायला सवड नव्हती. आता पाऊस तोंडावर आलाय, दुर्बीण पुसून सोलापुरी चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलीय, ऑक्टोबरपर्यंत ढगच बघायचेत. म्हणून सावकाश लिहितो.

माझं सामान आधी सांगतो, म्हणजे कुणी मोठ्या अपेक्षेनं वाचू नये. 130 मिलिमीटरची आरशाची दुर्बीण, जुना मोटार लावलेला माउंट, सेकंडहँड मोनो, म्हणजे कृष्णधवल, कॅमेरा (कूलिंग नाही), आणि भाच्यानं टाकून दिलेला चार जीबी रॅमचा लॅपटॉप. त्याची बॅटरी कधीच मेलीय, अ‍ॅडॅप्टर काढला की लॅपटॉप बंद. जागा जुळे सोलापुरातली आमची गच्ची. पूर्वेला एमआयडीसीचा उजेड असतो, पण डोक्यावरचं आकाश ऑक्टोबर ते फेब्रुवारी झकास.

अ‍ॅस्ट्रोइमेजजे फुकट आहे. माझ्यासारख्याला निवडायला एवढं एकच कारण पुरलं. मुळातला इमेजजे हा प्रोग्रॅम अमेरिकेतल्या एनआयएच ह्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत वेन रॅसबँड यांनी केला, तो सूक्ष्मदर्शकातले फोटो, पेशीबिशी मोजायला. त्यावर कॅरेन कॉलिन्स, जॉन कीलकॉफ वगैरे मंडळींनी ताऱ्यांचं काम चढवलं; 2017 साली त्यावर 'अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल जर्नल'मध्ये पेपरही आला. पेशी आणि तारे, दोन्ही शेवटी काळ्यावर पांढरे ठिपकेच की.

पहिला त्रास खिडक्यांचा. एक टूलबार, एक फोटोची खिडकी, एक मोजमापाचा तक्ता, एक आलेख, आलेखाच्या सेटिंगच्या दोन, तुलनेच्या ताऱ्यांची आणखी एक. चौदा इंची स्क्रीनवर ह्या सगळ्या एकमेकींच्या डोक्यावर बसतात. मी वैतागून स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढायचो आणि पुण्यातल्या भाच्याला पाठवायचो. तो लिहायचा, "मामा, एवढ्या कशाला उघडल्यात? एक एक बंद करा की." बंद केली की नेमकी तीच लागायची. हे फोटो लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहेत.

दुसरं, सगळे फोटो एकदम उघडू नका. साडेचारशे फ्रेम मेमरीत घ्यायला गेलो आणि लॅपटॉपनं मान टाकली. उघडताना व्हर्च्युअल स्टॅकवर खूण केली की एकेक फोटो डिस्कवरून वाचला जातो. हळू चालतं, पण चालतं.

डार्क (झाकण लावून घेतलेला फोटो, कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट वजा करायला) आणि फ्लॅट (सारख्या उजेडाचा फोटो, धुळीचे डाग आणि कडेचा अंधार काढायला) यांचं काम प्रोग्रॅममधला डेटा प्रोसेसर मुकाट्यानं करतो, त्यात सांगण्यासारखं फार नाही. फ्लॅटसाठी पहाटेच्या आकाशाकडं तोंड करून दुर्बिणीच्या नळीवर पांढरा पंचा दुहेरी ताणतो. गावात टॉवेल-पंच्यांची वाण नाही, फ्लॅट पॅनेलचे पैसे वाचले. डार्क मात्र ऋतूप्रमाणे वेगळे घ्या. जानेवारीतले डार्क मेमध्ये वापरले तर फोटोभर मोहरी सांडल्यासारखी दिसते, कारण कूलिंग नसलेल्या कॅमेऱ्याचा डार्क करंट दर सहा-सात अंशांना दुप्पट होतो आणि आमच्याकडं मेमधल्या रात्रीही भट्टी असते.

आता ज्याच्यावर जीव जडला ते. मल्टि-अ‍ॅपर्चर, म्हणजे अनेक ताऱ्यांची चमक एकदम मोजायचं साधन, लावा, आपल्या ताऱ्यावर क्लिक करा, हिरवं वर्तुळ. तुलनेच्या, म्हणजे चमक न बदलणाऱ्या शेजारच्या, ताऱ्यांवर क्लिक करा, लाल वर्तुळं. एंटर दाबला की शेवटच्या फोटोपर्यंत एकटा मोजत जातो. पण खरी गंमत नंतर. तुलनेच्या प्रत्येक ताऱ्यापुढं एक चौकट असते. तिच्यातली खूण काढली की तो तारा हिशेबातून बाद, आणि आलेख तिथल्या तिथं बदलतो. पुन्हा मोजायला नको. पहिल्याच रात्री माझी रेघ मधेच पोट सुटल्यासारखी दिसत होती. एकेक खूण काढत गेलो. सी4 हा तुलनेचा तारा काढला आणि रेघ सरळ झाली. फोटोत जाऊन बघितलं तर सी4 इतका तेजस्वी, की मधले पिक्सेल पार भरून वाहत होते. बत्तीस वर्षं हिशेब लिहितोय. न जुळणारी रक्कम नेमक्या कुठल्या वहीत आहे हे एका क्लिकवर सांगणारा माणूस अजून भेटला नाही. त्या रात्री दीड वाजेपर्यंत नुसत्या खुणा लावत-काढत बसलो होतो.

वर्तुळ किती मोठं घ्यावं हे ज्यांना छळतं त्यांनी ऑल्ट दाबून ताऱ्यावर क्लिक करावं. ताऱ्याची चमक मध्यापासून कडेकडं कशी उतरते ते काढून दाखवतो, त्रिज्या सुचवतो. माझं गाडं 7, 12, 20 पिक्सेलवर (ताऱ्याचं वर्तुळ, मग भोवतालच्या आकाशाच्या कड्याची आतली आणि बाहेरची कड) स्थिरावलंय.

इथपर्यंत सगळं गोड. आता वेळेकडं येतो.

मी निवडला होता कुंभेतला सीवाय अ‍ॅक्वॅरी, चमक सतत कमीजास्त होणारा तारा. साधारण 88 मिनिटांत एक चक्र, दहा-अकरा प्रतीचा, चढतो झपाट्यानं, उतरतो सावकाश. जेवून गच्चीवर गेलं तर झोपायच्या आत दोन शिखरं हाती लागतात, नोकरदाराला परवडणारा तारा. आलेख इतके देखणे आले की पहिला बायकोला दाखवला. ती म्हणाली, "अहो, हे तर करवतीचे दात." बरोबरच होतं.

मग शिखरांच्या वेळा काढल्या आणि व्हीएसएक्स ह्या बदलत्या ताऱ्यांच्या ऑनलाइन यादीतल्या आवर्तकालावरून काढलेल्या वेळांशी ताडून बघितल्या. एका रात्री तारा 11 मिनिटं आधीच शिखरावर. पुढच्या आठवड्यात 23 मिनिटं आधी. तिसऱ्या रात्री 4. भाकीत जुनं असतं तर सगळ्या रात्री सारख्याच सरकल्या असत्या. तारा काही एसटी नाही, वाटेल तेव्हा सुटायला.

माझा सगळा संशय बीजेडी-टीडीबीच्या, म्हणजे दुरुस्त केलेल्या वेळेच्या, रकान्यावर. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळं ताऱ्याचा उजेड आपल्याकडं कधी थोडा आधी, कधी थोडा उशिरा पोचतो. हा प्रोग्रॅम ते सगळं सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावर नेऊन दुरुस्त करतो. इथंच काहीतरी उलटंपालटं होतंय, अधिकचं उणं होतंय, अशी माझी खात्री. महिनाभर प्रोग्रॅमला नावं ठेवली. मग एका रविवारी कागदावर मांडून बघितलं: ही दुरुस्ती जास्तीत जास्त 8.3 मिनिटांची, वर यूटीसी (घड्याळाची जागतिक वेळ) आणि टीडीबी (खगोलगणितातली वेळ) यांमधला 69 सेकंदांचा फरक. चिन्ह उलटं पडलं तरी ह्या रकमा 11 आणि 23 मध्ये बसेनात. मुनिविन हा दुसरा फुकट प्रोग्रॅम उतरवून त्यात तेच फोटो घातले. त्यानंही शिखर तितकंच लवकर दाखवलं. म्हटलं, दोघं सामील आहेत.

एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. एका रात्रीतल्या दोन शिखरांमधलं अंतर अगदी चोख 88 मिनिटं यायचं. फरक पडायचा तो रात्री-रात्रींमध्ये.

उत्तर दिलं लाइटीनं. डिसेंबरात मधेच वीज गेली, इन्व्हर्टरनं क्षणभर हिसका दिला, लॅपटॉप बंद. पुन्हा चालू करून फोटो घेत राहिलो. सकाळी बघतो तर नवीन फोटो फोल्डरमध्ये सगळ्यात वर: तारीख 1 जानेवारी 2010. अ‍ॅस्ट्रोइमेजजेनं ती तारीखही निमूट घेतली आणि 2010 सालचा सुरेख आलेख काढून दिला, बीजेडीसकट!

लॅपटॉप नवी पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडं नेला. त्यानं उघडलाही नाही. "काका, बोर्ड गेलाय. साडेचार हजार होतील, नाहीतर नवीनच घ्या की." साडेचार हजारांत मी अजून एक सेकंडहँड लॅपटॉप आणीन. घरी येऊन मीच मागचे स्क्रू काढले. आत रुपयाएवढा गोल सेल, सीआर2032. मुख्य बॅटरी मेलेली, त्यामुळं लॅपटॉप बंद असताना घड्याळ चालवायचं सगळं ओझं ह्या एकट्यावर. आणि हाही म्हातारा झालेला. जितके दिवस लॅपटॉप बंद, तितकं घड्याळ मागं. गच्चीवर इंटरनेट नाही, म्हणून विंडोज स्वतःहून वेळ सुधारत नाही. फोटो घेणारा प्रोग्रॅम लॅपटॉपची वेळ हेडरमध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलमधल्या नोंदीत, लिहितो, अ‍ॅस्ट्रोइमेजजे ती हेडरमधून उचलतो. घड्याळ मागं, म्हणून तारा पुढं.

सेल घेतला घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडून, चाळीस रुपये. तो म्हणाला, "लॅपटॉपात पण सेल असतंय व्हय?" म्हटलं, असतंय.

तर आता प्रोग्रॅमची माफी मागायला हवी. मागतो. पण अर्धीच. तारा सॅच्युरेट झाला तर रकान्यात नोंद करणारा, चमक हजाराव्या भागापर्यंत मोजणारा हा गृहस्थ वेळेच्या बाबतीत इतका भोळा कसा? ह्या फोटोची वेळ 2010 ची, मागच्या फोटोची कालपरवाची, असं का, हे एका ओळीत विचारायला काय जातं? आमच्या कारखान्यात मागची तारीख टाकून व्हाउचर आणा बघू, शिपाईसुद्धा हटकेल. भाचा म्हणतो, "मामा, हेडरवर विश्वास ठेवायचा असतो, ते त्याचं काम नाही." असेल. मी डिसेंबरापासून ह्यावर वाद घालतोय आणि पुढंही घालणार.

मोजमापाचा तक्ता टॅबनं तोडलेली साधी मजकुराची फाइल असते, हे मात्र मोठं पुण्य. कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडते. आणि इथं खिडक्यांचे ते फोटो कामाला आले: फोटोच्या कोपऱ्यात लॅपटॉपचं घड्याळ दिसतंय, आणि फोटो काढल्याची मोबाइलची खरी वेळ गॅलरीत आहे. दोन्हींतला फरक म्हणजे त्या रात्रीची चूक. 23 मिनिटं म्हणजे 0.01597 दिवस, रकान्यात मिळवले, आणि शिखर भाकिताजवळ येऊन बसलं. पण टास्कबारवर सेकंद दिसत नाहीत, त्यामुळं दुरुस्तीही मिनिटभराच्या अंदाजानंच. आपल्या समाधानापुरती ठीक. एएव्हीएसओला, म्हणजे बदलत्या ताऱ्यांच्या नोंदी जमवणाऱ्या अमेरिकन संघटनेला, पाठवायची नाही. 1911 पासून लोकांनी रात्री जागून भरलेल्या नोंदी आहेत त्या, त्यात माझी अंदाजपंचे भर नको. नशिबानं वैतागात काहीच पाठवलं नव्हतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये सप्तर्षींतला डब्ल्यू उर्सी मेजोरिस घेतला. आठ तासांचं चक्र, दोन तारे एकमेकांना चिकटून फिरतात, दर चार तासांनी एक खड्डा. आता गच्चीवर गेलं की आधी मोबाइलचा हॉटस्पॉट लावायचा, लॅपटॉपची वेळ जुळवायची, मग दुर्बिणीचं झाकण काढायचं. सहा रात्री घेतल्या, खड्डे जिथल्या तिथं.

पाचपैकी साडेचार देतो. अर्धा कापलाय तो घड्याळासाठी. चूक सेलची होती हे मान्य, तरी कापलाय.

नोव्हेंबरातली एक रात्र राहिलीय. त्या रात्री वैतागलो नव्हतो, म्हणून भाच्याला फोटोही पाठवला नव्हता. आलेख सगळ्यांत सुंदर तिचाच आहे, तीन शिखरं आहेत. फाइलला 'वेळ नाही' असं नाव देऊन ठेवलीय.