आईच्या श्वासनलिकेतला खडा: पुण्यातल्या एका छातीविकार विभागाचा अनुभव

ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, ओपीडीला गर्दी असते, पार्किंगचे हाल आहेत. तरीही दुर्बिणीच्या तपासणीसाठी छातीविकार विभाग कुठला गाठावा असं कुणी विचारलं, तर मी हाच सांगेन.

आम्ही बार्शीचे. आईला पोरवयात टीबी झाला होता, तेव्हाच पूर्ण बरा झाला. अलीकडे खोकला काही केल्या जाईना. गावाकडे दमा म्हणून पंप चालू झाला, उजव्या बाजूचा न्यूमोनिया पुन्हा पुन्हा त्याच जागी व्हायचा. मग एकदा खोकल्याच्या उबळीत रक्ताच्या रेषेसोबत हरभऱ्याच्या डाळीएवढा पांढरट, खरबरीत खडा पडला. "दाताचा तुकडा असंल," म्हणून आई तो टाकून देणार होती. मी कागदात बांधून ठेवला.

इथल्या मॅडमनी आधी ती पुडी उघडायला लावली. खडा बोटांत फिरवून बघितला, लॅबला पाठवला आणि मग विचारलं, "मावशी, लहानपणी टीबी झालता का?" त्यापूर्वी एकाही दवाखान्यात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

आजाराचं नाव ब्रॉन्कोलिथियासिस. टीबी बरा होताना श्वासनलिकेलगतच्या गाठींत कॅल्शियम साठतं. ती टणक गाठ श्वासाच्या हालचालीने आणि हृदयाच्या ठोक्यांनी नळीला घासत राहते, आणि कधीकधी भिंत झिजवून आत शिरते. नळी तुंबली की मागे कफ साचतो, म्हणून तिथेच परत परत न्यूमोनिया. मॅडमनी सीटी स्कॅन स्क्रीनवर लावून आईलाच ते पांढरे ठिपके दाखवले. तिला समजेल अशा भाषेत, मला बाजूला न बोलावता. थुंकीचं सीबीनॅट, म्हणजे टीबीचे जंतू शोधणारी चाचणी, निगेटिव्ह आलं, तेव्हा टीबीचा कोर्स परत सुरू करायची गरज नाही हेही स्पष्ट सांगितलं.

ब्रॉन्कोस्कोपीच्या, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून करायच्या तपासणीच्या, दिवशी उपाशीपोटी जायचं होतं. आईची रक्त पातळ करणारी गोळी कधी बंद करायची, ते हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून आधीच लिहून दिलं होतं. घशात बधिर करणारा स्प्रे, हलकी गुंगी. सिस्टर शेवटपर्यंत तिचा हात धरून होत्या.

या विभागावर माझा विश्वास बसला तो त्यानंतर. आत दोन खडे दिसले. एक सुटा होता, तो चिमट्याने अलगद निघाला. दुसरा भिंतीत रुतलेला. तो त्यांनी ओढला नाही. अशा खड्यामागे मोठी रक्तवाहिनी असू शकते, ओढाओढीत जबर रक्तस्राव होऊ शकतो, असं सांगून त्यांनी तिथेच हात थांबवला. सर्जननाही दाखवलं. त्रास वाढला, रक्त जास्त पडायला लागलं, तर फुफ्फुसाचा तेवढा भाग काढायचं ऑपरेशन. तोवर लक्ष ठेवायचं, असं ठरलं. "सगळं काढून टाकतो" म्हणणारे डॉक्टर खूप भेटतात. जिथे हात लावायचा नाही ते नेमकं ओळखणारे आणि तसं तोंडावर सांगणारे मला इथे भेटले.

तक्रारी आहेत. अपॉइंटमेंटच्या वेळेला काही अर्थ नाही, सकाळचा नंबर दुपारी लागतो. बिलिंगची खिडकी एका इमारतीत, रिपोर्ट दुसऱ्या, मध्ये रॅम्प नाही. म्हातारं माणूस सोबत असेल तर दोघांनी जावं. बिल मात्र सांगितलं होतं त्याच्या आसपासच आलं.

आईचा खोकला बराच उतरलाय, पंप बंद झालाय. रात्री आडवी झोपते.

जाणाऱ्यांनी जुने एक्स-रे फेकू नका, सगळे न्या. गाठ पूर्वीपासूनची आहे का ते त्यांवरूनच कळतं. आणि खोकल्यातून खडा पडला तर तो धुऊन, कोरड्या डबीत घालून सोबत घ्या.