शेडमधली जुनी एफसी पिकअप: आहे तशी विकावी, चालू करून, की नवी करून?

वखारीत नाहीतर गुऱ्हाळाच्या शेडमध्ये वडिलांची महिंद्रा एफसी-१५० वर्षानुवर्षं उभी आहे आणि आता ती विकायची आहे, तर वाटा तीन. आहे तशी विकणं, इंजिन जागं करून विकणं, किंवा पूर्ण रिस्टोर करून विकणं. माझं मत सरळ आहे: कागद साफ करा, इंजिन मोकळं (जाम नसलेलं) असल्याचं दाखवा आणि रंगाला हात न लावता विका.

ही पिकअप मूळची विलीज या अमेरिकी जीप कंपनीची. अमेरिकेत १९५६ च्या अखेरीस आली, पुढे महिंद्राने परवान्याखाली इथे बनवली. बॉनेट नाहीच, इंजिन केबिनमध्ये दोन सीटांच्या मधे. आपल्याकडे जुन्या पेट्रोल जीपगाड्यांत सर्रास डिझेल इंजिनं बसली. म्हणून २.२ लिटरचं मूळ 'हरिकेन' पेट्रोल इंजिन अजून जागेवर असेल आणि त्याचा नंबर आरसीशी जुळत असेल, तर ते जाहिरातीत सगळ्यात वर लिहा. हौशी माणूस त्यासाठीच येतो.

तो पत्राही बघणार: केबिनचा तळ, दारांच्या खालच्या कडा, हौद्याचे सांधे, चेसिसचे आडवे दांडे. गंज उघडा दिसला की त्याला खर्चाचा अंदाज येतो. ताज्या रंगाखाली मात्र पुट्टी किती, हे कळत नाही. तो चुंबक लावून बघतो आणि भाव पाडतो. विकण्याआधीचं डेंटिंग-पेंटिंग असं उलटतं.

पूर्ण रिस्टोरेशन ज्याला गाडी स्वतःकडे ठेवायची आहे त्यानेच करावं. इंजिनाचे बरेच सुटे भाग जीपचेच, ते मिळतात. पण एफसीची दारं, काचा आणि केबिनचा पत्रा जीपला लागत नाही. तो शोधावा किंवा घडवून घ्यावा लागतो. काम इथेच अडतं. अर्धी उकललेली, भाग पोत्यात भरलेली गाडी उभ्या गाडीपेक्षा वाईट विकली जाते.

मधली वाट थोड्या खर्चाची आहे, पण थेट स्टार्टर मारू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, दोन दिवस मुरू द्या, मग इंजिन हाताने फिरवून बघा. फिरलं तर टाकीतलं जुनं पेट्रोल न वापरता बाहेरच्या डब्यातून जोडणी द्या आणि चालू झालेल्या इंजिनाचा व्हिडिओ घ्या. ब्रेक तपासलेले नसतील तर 'चालू गाडी' लिहू नका. 'इंजिन चालू, गाडी टोइंगने न्यावी लागेल' एवढंच लिहा.

खरा फरक कागदांनी पडतो. आरसी वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर आधी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर करा. जुन्या कर्जाचा बोजा चढलेला असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ लागेल. मालवाहू नोंद असेल तर थकलेला कर आणि फिटनेस यांची चौकशी भाव ठरवण्याआधी करा. विक्रीनंतर फॉर्म २९ देऊन राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. हे टाळू नका: आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

'विंटेज नंबर (जतन केलेल्या जुन्या गाड्यांचा खास नोंदणी क्रमांक) मिळेल' असं आश्वासन तर अजिबात देऊ नका. २०२१ च्या नियमांत ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी बसते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेली बसत नाही. शिवाय चारचाकींत ही तरतूद प्रवासी गाड्यांसाठी आहे. आरसीवर मालवाहू लिहिलेल्या पिकअपसाठी हा रस्ता गृहीत धरता येत नाही.

आरसीही हरवली, चेसिस नंबरही गंजून वाचता येत नाही, अशी गाडी रिस्टोर करणारा सहसा घेत नाही. तिथेही भंगारवाल्याला रोखीने देऊन मोकळं होऊ नका. तुमच्या आरटीओत विचारा, आणि शक्य असेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राकडे देऊन सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी तिथे जमा केल्याचा दाखला, घ्या.