2 टीबीच्या एसएसडीत निघाले मेमरी कार्ड

सोलापुरात लग्नसमारंभांचे आणि यात्रांचे चित्रीकरण करणाऱ्या माझ्या स्टुडिओसाठी हार्ड डिस्क घ्यावी की एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी ड्राइव्ह), याचा विचार चालू होता. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकड्या असल्याने चालू असताना धक्का लागल्यास ती बिघडण्याची भीती असते, मात्र तेवढ्याच पैशांत ती कितीतरी अधिक जागा देते. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने ती वेगवान असते आणि अर्थातच महाग असते. असे असताना शहरातील एका दुकानदाराने 2 टीबीची पोर्टेबल एसएसडी हार्ड डिस्कपेक्षाही कमी किमतीत दिली आणि ‘जुना स्टॉक काढायचा आहे’ असे कारण सांगितले.

संगणकाला जोडताच 2 टीबी जागा दिसली, म्हणून गड्ड्याच्या यात्रेतील नंदीध्वजांची मिरवणूक आणि संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळा, हे सारे चित्रीकरण तिच्यात उतरवले. फायलींची नावे आणि आकार बरोबर दिसत होते, पण मोजक्या काही सोडल्या तर एकही फाइल उघडेना. (कॅमेऱ्यातील कार्डे अद्याप पुसली नव्हती, म्हणून निभावले.) शेवटी आवरण उघडले, तेव्हा आत बोटभर सर्किटवर गोंदाने चिकटवलेले 64 जीबीचे मेमरी कार्ड आणि वजन भासावे म्हणून बसवलेली लोखंडी पट्टी निघाली.

अशा नगात कंट्रोलरच्या (ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपच्या) फर्मवेअरमध्ये, म्हणजे तिच्यातील अंगभूत प्रोग्रॅममध्ये, फेरफार करून संगणकाला खोटी क्षमता कळवली जाते. खरी जागा संपली की नवा मजकूर जुन्यावर लिहिला जातो किंवा कुठेच लिहिला जात नाही, आणि तरीही ‘कॉपी पूर्ण’ असाच संदेश येतो. त्यामुळे पडद्यावरच्या आकड्याला काहीही अर्थ नाही. वेगावरून मात्र संशय घेता येतो: साधी हार्ड डिस्कही सेकंदाला 100 एमबीच्या आसपास लिहिते, सॅटा (जोडणीचा एक सर्वसाधारण प्रकार) एसएसडी 500 च्या घरात जाते, हा नग 20 च्या पुढे सरकत नव्हता. पक्की खात्री हवी असेल तर विंडोजवर ‘एच2टेस्टडब्ल्यू’ किंवा लिनक्सवर ‘एफ3’ हे मोफत प्रोग्रॅम संपूर्ण जागा भरून ती पुन्हा वाचून पाहतात. मोठ्या ड्राइव्हला यात बरेच तास जातात, पण कामाचा मजकूर त्यात टाकण्यापूर्वीच ते करून घ्यावे.

दुकानदाराने आवरण उघडल्याचे निमित्त करून हात वर केले. पावतीवर त्याने केवळ ‘ड्राइव्ह 1 नग’ असे लिहिले होते. कंपनी, क्षमता आणि अनुक्रमांक यांचा उल्लेखच नसल्याने 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवताना पैसे दिल्याचा यूपीआय व्यवहार आणि त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले ‘2 टीबी एसएसडी’ असे दरपत्रक, एवढाच पुरावा माझ्याकडे होता.