अमेरिकेतील राज्याराज्यांमधील स्थलांतराची सरकारी सारणी: ठाण्यातील एका पालकाचा अनुभव

माझी मुलगी आणि जावई कॅलिफोर्नियातील सॅन होजेहून टेक्ससमधील ऑस्टिनला बिऱ्हाड हलवण्याचा विचार करू लागले, तेव्हा ‘कॅलिफोर्निया सोडून सगळेच टेक्ससला चालले आहेत’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले, की त्यात तथ्य किती हे पाहण्यासाठी नौपाड्यातल्या घरी बसून मी अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या संकेतस्थळावरील राज्यवार स्थलांतराची सारणी उघडली. ही सेवा मोफत आहे, नोंदणीची अट नाही आणि एक्सेलची फाईल थेट उतरवून घेता येते.

‘वर्षापूर्वी आपण कोठे राहत होता?’ या सर्वेक्षणातील प्रश्नावर ही सारणी उभी आहे. २०२२ साली कॅलिफोर्नियातून टेक्ससला एक लाखाहून अधिक लोक गेले. पण त्याच वर्षी टेक्ससहून कॅलिफोर्नियाला ४० हजारांहून अधिक लोक आले, हेही त्याच कागदावर दिसते. दोन्ही बाजूंची ये-जा एकत्र दिसणे हा मला या सेवेचा सर्वांत मोठा गुण वाटतो. दर आकड्याशेजारी त्रुटीची मर्यादा, म्हणजे तो आकडा किती कमी-जास्त असू शकतो हे, छापलेली असते. लहान राज्यांचे आकडे वाचताना ती पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जो अमेरिका सोडून ठाण्याला परत आला, तो मात्र या सारणीत कोठेच सापडत नाही, कारण सर्वेक्षण तिथे राहणाऱ्यांचेच होते. शिवाय एखाद्या राज्याची लोकसंख्या जन्म, मृत्यू आणि परदेशातून येणाऱ्यांवरही ठरते. २०२० च्या जनगणनेनंतर कॅलिफोर्नियाने अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहातील, म्हणजे लोकसंख्येनुसार राज्यांना वाटल्या जाणाऱ्या जागांपैकी, एक जागा इतिहासात प्रथमच गमावली आणि टेक्ससला दोन जागा अधिक मिळाल्या. तरीही त्या दशकात कॅलिफोर्नियाची लोकसंख्या वाढलेलीच होती, फक्त ती देशाच्या सरासरीपेक्षा सावकाश वाढली.

लोक का जातात, हे ही सारणी सांगत नाही. त्यासाठी त्याच विभागाचे दुसरे सर्वेक्षण पाहावे लागते, ज्यात घर, नोकरी, कुटुंब अशी कारणे विचारली जातात. जवळच्या अंतरावर घर बदलणारे बहुधा घरासाठीच बदलतात, तर दूर जाणाऱ्यांत नोकरीचे प्रमाण वाढते. गिरगाव-लालबागची मराठी कुटुंबे मुंबईतली नोकरी न सोडता परवडणाऱ्या जागेसाठी ठाण्याला आली, हे डोळ्यांसमोर घडलेले असल्याने मला हा फरक चटकन उमगला. टेक्ससच्या बाबतीत मात्र दोन्ही कारणे एकत्र येतात: कंपन्याही तिकडे गेल्या आणि घरेही स्वस्त मिळतात. राज्याचा आयकर नाही, हे सगळेच सांगतात. मालमत्ता कर बराच जड आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. मुलगी आणि जावई आता तोच हिशेब मांडत आहेत.