ड्रायवॉलच्या कोपऱ्यांना कोणतं बीड?

ड्रायवॉल म्हणजे जिप्समच्या पाट्यांची भिंत, आणि बीड म्हणजे तिच्या बाहेरच्या कोपऱ्यावर बसवायची पट्टी. बेसमेंट (तळघर) स्वतः फिनिश करायला घेतलं असेल, तर आतल्या कोपऱ्यांवर फार डोकं खपवू नका. मधोमध घडीची रेघ असलेली कागदी टेप घ्या, झालं. जाळीची टेप चिकटायला सोपी, पण कोपऱ्यात तिची घडी धारदार बसत नाही. शिवाय तिच्यावर पहिला हात बादलीतल्या तयार मडचा (सांधे भरायच्या लेपाचा) चालत नाही, पाण्यात कालवून घट्ट होणारी पावडरच लागते.

खरा घोळ बाहेरच्या कोपऱ्यांचा. जिन्याची कड, डक्टभोवतीचं (हवेच्या नळीभोवतीचं) खोकं, खिडकीच्या आतल्या कडा.

खिळ्यांनी ठोकायचं पत्र्याचं बीड सगळ्यात स्वस्त आणि कुठेही मिळतं. ठोकलं की लगेच मड चढवता येतं, वाट बघायची नाही. आमच्या जिन्याजवळ मी तेच लावलं होतं आणि पहिल्या उन्हाळ्यात ते अगदी देखणं दिसत होतं. मग मिनेसोटाचा हिवाळा आला. फर्नेस (घर तापवणारी भट्टी) अखंड चालू, घरातली हवा कोरडी ठाक, भिंतीच्या आतलं लाकूड आकसतं. त्याबरोबर खिळे जरासे हलतात. उघड्या पत्र्याला मड तसंही जीव लावून धरत नाही, त्यामुळे बीडची पट्टी जिथे संपते तिथे वरपासून खालपर्यंत केसाएवढी चीर पडते. भरा, घासा, रंगवा, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा हजर. दिव्याचा उजेड तिरपा पडला की नजर तिथेच जाते. बायको म्हणते, तुझ्याशिवाय कुणाला दिसतही नाही. असेल. पण माझा निकाल त्या चिरेनेच लावला.

व्हिनाइलचं बीड गंजत नाही, ही बेसमेंटमध्ये मोठीच जमेची बाजू. मुलांच्या खेळण्यांचा दणका बसला तर पत्रा चेपतो, व्हिनाइल बहुधा परत जागेवर येतं. स्प्रेचा गोंद मारून वर स्टेपल ठोकायचे. गोंद मात्र दोन्हीकडे सढळ हाताने हवा, नाहीतर पट्टीची कड सुटते. कमानीसाठी कापे दिलेलं व्हिनाइल मिळतं. तिथे मी दुसरं काही सुचवणार नाही.

आणि तिसरं, कागद चढवलेलं मेटल. मड पसरायचं, बीड दाबून बसवायचं, सहा इंची पात्याने जादा मड निपटून काढायचं. खिळा एकही नाही. मड कागदाला धरतं आणि कागदाची कड भिंतीत विरून जाते, त्यामुळे माझ्या चिरेला जागाच उरत नाही. खोक्याचे कोपरे मी याने केले. तेव्हापासून हिवाळे गेले, तिथे काही दिसलं नाही. अर्थात आमच्या घरापुरतं सांगतोय. भिंतीच्या आतले उभे खांब, म्हणजे स्टड, लाकडाऐवजी मेटलचे असतील तर साधं बीडही कदाचित छान टिकेल.

त्रास याचाही आहे. मड कमी पडलं तर कागदाखाली फुगे येतात. सँडपेपर जास्त चालला तर कागदाला लव सुटते. ओलं असताना कुणाचा खांदा लागला तर कोपरा सरकतो, आणि बेसमेंटमध्ये वाळायला वेळ लागतो तो लागतोच. घाई असेल तर बसवण्यासाठी नव्वद मिनिटांत घट्ट होणारी पावडर वापरा. किंमत थोडी जास्त पडते, पण एका बेसमेंटच्या हिशेबात ती जाणवू नये.

कुठलंही घेतलंत तरी उंचीपेक्षा अर्धा इंच कमी कापा आणि ते जमिनीला टेकू देऊ नका. खालची फट बेसबोर्ड (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) झाकतो. आणि दुकानात प्रत्येक तुकडा डोळ्यासमोर आडवा धरून बघा. गठ्ठ्याच्या तळाशी वाकलेले हटकून असतात.